रसविद्येचे अठरा संस्कार : धातू, देह आणि नाद

उरणजवळचा द्रोणागिरी हा डोंगर आज नवी मुंबईच्या एका विभागाला आपले नाव देऊन बसला आहे. माथ्यावर पडक्या किल्ल्याचे व पोर्तुगीज अमदानीतील वास्तूंचे अवशेष, जवळच मुंबई हायच्या तेलावर व वायूवर प्रक्रिया करणारा कारखाना आणि उत्तरेकडे १९८९ मध्ये सुरू झालेले न्हावा-शेव्याचे बंदर, असा ह्या डोंगराचा सांप्रतचा परिसर आहे. नावाची उपपत्ती मात्र स्थानिक लोक रामकथेतून सांगतात. मूर्च्छित लक्ष्मणासाठी मारुती औषधींचा पर्वत घेऊन निघाला असता त्याचा एक तुकडा गळून येथे पडला, अशी ही आख्यायिका आहे. अशा आख्यायिका भारतात इतरत्रही अनेक डोंगरांविषयी प्रचलित आहेत. उत्तराखंडातील चमोली जिल्ह्यात द्रोणागिरी नावाचे गाव असून तेथील लोक आपला पर्वत नेला म्हणून मारुतीची पूजा करीत नाहीत. तेव्हा आख्यायिकेवरून इतिहास सिद्ध करण्याचा प्रयत्न व्यर्थ होय. परंतु तिच्या मुळाशी असलेल्या कथेत एक तपशील असा आहे की, ज्यावरून भारतीय रसविद्येच्या एका मूलभूत प्रश्नाकडे वळता येते.

वाल्मीकीच्या युद्धकांडात जांबवान मारुतीला चार महौषधी सांगतो. मृतसंजीवनी मृताला उठविणारी, विशल्यकरणी शल्य काढणारी, संधानी तुटलेले सांधणारी. आणि चौथी सुवर्णकरणी. ह्या चौथीच्या नावात पाठभेद आहे. काही ठिकाणी ते सुवर्णाशी जोडलेले दिसते, तर काही ठिकाणी सावर्ण्याशी, म्हणजे जखमी त्वचेला तिचा मूळचा वर्ण परत मिळण्याशी. संदर्भ पाहता दुसरा अर्थच ग्राह्य ठरतो, कारण रणांगणावर सोने करून काय साधायचे होते? तथापि एकाच औषधीच्या नावात सोने आणि निरोगी देहाचा वर्ण हे दोन अर्थ एकमेकांत मिसळावेत, ही गोष्ट रसविद्येच्या अभ्यासकाला अनोळखी वाटणार नाही. दुसरा तपशील असा की, मारुतीला औषधी ओळखता आल्या नाहीत. औषधी होत्या, आणण्याचे सामर्थ्यही होते. उणीव होती ती ओळखीची, आणि म्हणून त्याला सारे शिखर उचलावे लागले.

रसविद्येकडे पाहण्याच्या दोन पद्धती विसाव्या शतकात रूढ झाल्या. आचार्य प्रफुल्लचंद्र राय ह्यांनी हिंदू रसायनशास्त्राच्या इतिहासाचा पहिला खंड १९०२ मध्ये प्रसिद्ध केला आणि रसग्रंथांतील यंत्रे, मुशी व धातुक्रिया ह्यांना रसायनशास्त्राच्या इतिहासात मानाचे स्थान मिळवून दिले. ह्या दृष्टीने पाहता त्या ग्रंथांतील मंत्र, दीक्षा व देहसिद्धीचा भाग हा टरफलासारखा ठरतो. ह्याउलट कार्ल युंगने १९४४ च्या आपल्या ग्रंथात युरोपीय किमयेचा जो अर्थ लावला, त्याच्या प्रभावाखाली भट्टी हीच टरफल ठरली आणि मनोव्यापार तेवढे सार उरले. दोन्ही पद्धतींनी पुष्कळ काही उजेडात आणले; पण दोहोंनी ग्रंथाचे दोन तुकडे केले. रसग्रंथांची स्वतःची मांडणी तशी नाही, हे पारदाच्या अठरा संस्कारांच्या क्रमावरूनच दाखविता येते. मराठी प्रदेशात तेराव्या शतकात लिहिल्या गेलेल्या दोन श्रेष्ठ ग्रंथांचा अर्थही ह्या क्रमाच्या प्रकाशात अधिक स्पष्ट होतो. त्यांतला एक गीतेवरील टीका आहे व दुसरा संगीतावरील शास्त्रग्रंथ.

गोविंद भगवत्पादांचे ‘रसहृदयतंत्र’, ‘रसार्णव’, आणि वाग्भटाच्या नावावर असलेला ‘रसरत्नसमुच्चय’ हे ह्या शास्त्राचे प्रमुख आधार होत. त्यांत येणारे अठरा संस्कार, नावांतील किरकोळ भेद सोडल्यास, असे आहेत : स्वेदन, मर्दन, मूर्च्छन, उत्थापन, पातन, बोधन, नियमन, दीपन, नंतर अभ्रकाचा ग्रास, चारण, गर्भद्रुती, बाह्यद्रुती, जारण, रंजन, सारण, क्रामण, वेध आणि शेवटी सेवन. पहिल्या आठांत पारा शुद्ध व सज्ज होतो. त्याला कांजीत व क्षारांत शिजवावयाचे, वनस्पतींच्या रसांत व चूर्णांत घोटावयाचे, घोटता घोटता त्याचे चकचकीत चंचल रूप नाहीसे करावयाचे, हीच मूर्च्छना. नंतर त्याला पूर्वरूपात उठवावयाचे आणि वर, खाली किंवा आडवे उडवून दुसऱ्या पात्रात धरावयाचे. पारा ३५७ अंश सेल्सियसला उकळतो, इतर बहुतेक धातूंपेक्षा फारच खाली, म्हणून मातीच्या दोन हंड्या तोंडाला तोंड लावून सांधल्या की पातनाचे काम होते. डमरूयंत्र म्हणतात ते हेच. हिंगुळातून पारा काढण्याची ही रीत आजही आयुर्वेदीय रसशाळांत ठाऊक आहे. उरणच्या लोकांना ऊर्ध्वपातनाचे नवल वाटण्याचे कारण नव्हते, हे येथे सहज नोंदवावे; एकोणिसाव्या शतकात मोहाच्या फुलांची दारू गाळणाऱ्या भट्ट्यांसाठी आणि मिठागरांसाठी हे गाव मुंबईत प्रसिद्ध होते. भांडे, नळी, गारवा आणि लवण ही रसशास्त्राची साधने अशा प्रकारे लौकिक व्यवहारातलीच होती.

आठव्या संस्काराचे नाव दीपन. त्याचा हेतू असा की पारा भुकेला व्हावा. रसग्रंथ ‘बुभुक्षित’ हा शब्द अलंकार म्हणून वापरीत नाहीत. पाऱ्याला मुख येते, त्याला घास दिला जातो, तो अभ्रक, गंधक व सुवर्ण गिळतो, पचवितो, आणि गिळलेल्याचे वजन त्याला चढत नाही, अशी ही भाषा आहे. गंधक जिरविलेल्या पाऱ्याची काळी कज्जली होते आणि तीच काचेच्या कुपीत वाळूच्या आंचेवर उडवली की कुपीच्या गळ्याशी तांबडा रससिंदूर धरतो. काळ्यातून तांबडे होणारे हे एकच द्रव्य आहे, हे आधुनिक रसायनशास्त्र जाणते. डोळ्यांना मात्र ते जन्मांतरासारखे दिसते. सोने करण्याच्या कृतींबाबतही असेच. त्यांपैकी काहींमागे मिश्रधातूंचे पक्के ज्ञान आहे. रसक म्हणजे जस्ताचा खनिज, तो हळद, राळ, लवण, टाकणखार इत्यादींसह वांग्याच्या आकाराच्या मुशीत तापवून कथलासारखे चकाकणारे सत्त्व पाडण्याची कृती ‘रसरत्नसमुच्चया’त आहे. तांब्याबरोबर हे सत्त्व आले की पिवळा वर्ण येतो. सोने ते नव्हेच, परंतु वर्ण बदलला हे खरे. राजेलोकांच्या सुवर्णलोभाची आणि त्यापायी होणाऱ्या अनर्थाची अल्बेरुनीने सुमारे १०३० मध्ये जी थट्टा केली, ती अस्थानी होती असे म्हणता येणार नाही.

पण संस्कारांचा शेवट वेधावर होत नाही, तेथेच ह्या सर्व प्रश्नाचे मर्म आहे. सतरावा संस्कार वेध. म्हणजे सिद्ध पाऱ्याने तांबे, शिसे वा चांदी भेदून तिचे सोने करणे. पारा आपल्या शंभरपट, हजारपट, कोटिपट धातूला वेधतो, त्यावरून त्याला शतवेधी, सहस्रवेधी, कोटिवेधी म्हणत. आणि अठरावा संस्कार म्हणजे तोच पारा मनुष्याने सेवन करणे. जसे लोहावर तसे देहावर, हा ‘रसार्णवा’चा सिद्धान्त प्रसिद्ध आहे. आधी धातूवर कसून पाहावे, मग देहाला लावावे. चौदाव्या शतकात माधवाचार्यांनी ‘सर्वदर्शनसंग्रहा’त रसेश्वरदर्शनाला स्वतंत्र स्थान दिले, तेव्हा हाच मुद्दा आवर्जून मांडला : धातुवाद हे साध्य नव्हे, देह स्थिर करून जिवंतपणीच मुक्त होणे हे साध्य आहे. सोने ही केवळ परीक्षा होय. पुढे त्या देहाने काय करावयाचे ह्याचे उत्तर ते दर्शन शैव परिभाषेत देते. पारद हा शिवाचा अंश, अभ्रक गौरीचा, आणि दोहोंच्या संयोगातून सिद्ध देह. उरण तालुक्यातच असलेल्या घारापुरीच्या लेण्यात सहाव्या शतकातील भव्य अर्धनारीश्वर आहे. तो रसविद्येचा पुरावा म्हणून पुढे करणे हा अतिरेक होईल, कारण रसग्रंथ त्यानंतरच्या काळातले; एवढेच म्हणता येते की, ज्या कल्पनेवर पुढे रसशास्त्राने आपली इमारत रचली ती कल्पना ह्या किनाऱ्यावर पाषाणात आधीच उभी होती.

आता ‘ज्ञानेश्वरी’कडे वळता येईल. शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, देवगिरीच्या रामचंद्रदेव यादवाच्या कारकिर्दीत नेवाशास हा ग्रंथ सिद्ध झाला आणि ग्रंथान्ती ज्ञानदेवांनी आपली परंपरा आदिनाथापासून मत्स्येंद्र, गोरक्ष, गहिनी, निवृत्ती अशी सांगितली. सहाव्या अध्यायातील कुंडलिनीचे वर्णन सर्वांच्या परिचयाचे आहे. मूळ गीतेत त्या स्थळी आसन, संयम व चित्ताची एकाग्रता एवढेच आहे. ज्ञानदेवांनी त्यावर केलेला विस्तार हा नाथपंथाच्या ठेव्यातून आला, हे अभ्यासकांनी दाखविले आहे. रसविद्येच्या दृष्टीने पाहता त्यात एक गोष्ट ठळकपणे जाणवते. जागी झालेली कुंडलिनी भुकेली असते. ती मांस खाते, तळहात-तळपायांपर्यंत शोधून खाते, सातही धातू गिळते, देहातील ओलावा शोषून घेते आणि मगच तृप्त होते. त्यानंतर वरून चंद्रामृत ओतले जाते, जुनी त्वचा कोंड्यासारखी झडते, सुवर्णवृक्षाला कळ्या याव्यात तशी नवी नखे येतात, हिऱ्यांच्या कणींसारखे नवे दात येतात.

ह्या वर्णनाला दोन पूर्वज आहेत. एक आयुर्वेदीय : सुश्रुताने सोमरसायनाच्या प्रयोगात नखे, दात व केस गळून नवे येतात असे सांगितले आहे. दुसरा रसशास्त्रीय, आणि तो आजवर तुलनेने कमी लक्षात घेतला गेला आहे : आधी दीपन, मग ग्रास, मग जारण, मग नवा वर्ण, हा क्रम ज्ञानदेवांच्या वर्णनात जसाच्या तसा उतरला आहे. मात्र भट्टीही देह, मूसही देह, आणि गिळला जाणारा धातूही देहच. ‘धातू’ ह्या एका शब्दाचे लोह आणि रस-रक्त-मांसादी हे दोन अर्थ येथे कवीच्या उपयोगी पडले आहेत. डेव्हिड गॉर्डन व्हाइट ह्यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात रससिद्ध व नाथसिद्ध ह्यांच्या साधना एकमेकींत गुंतलेल्या होत्या असे प्रतिपादन केले. त्यांच्या सर्वच निष्कर्षांना मान्यता देण्याची आवश्यकता नाही. पण ‘ज्ञानेश्वरी’तील हे स्थळ त्या मताला बळकटी आणते. ज्ञानदेवांनी पारा घोटला होता असा ह्याचा अर्थ नव्हे. घोटणाऱ्यांची भाषा त्यांच्या कानांवर होती, एवढा अर्थ निःसंशय निघतो. आणि ह्या वर्णनाच्या ओघातच, कुंडलिनी हृदयापाशी पोहोचल्यावर, अनाहताचा ध्वनी उमटतो.

नादाचे शास्त्र त्याच राज्यात, साठ-सत्तर वर्षे आधी, दुसऱ्या एका हाताने लिहिले होते. सिंघण यादवाच्या कारकिर्दीत, सुमारे १२१० ते १२४७ ह्या काळात, देवगिरीस शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ रचला. त्याचे आजोबा भास्कर काश्मीरहून दक्षिणेत आले, वडील सोढल यादवांच्या सेवेत होते, आणि तो स्वतः राज्याच्या हिशेबखात्याचा अधिकारी होता. आयुर्वेदाचीही त्याला उत्तम जाण होती. ह्याची साक्ष त्याच्या ग्रंथाच्या पहिल्याच अध्यायात मिळते. कारण स्वर, श्रुती व राग ह्यांच्या आधी पिंडोत्पत्तीचे एक मोठे प्रकरण येते. गर्भ कसा वाढतो, धातू कोणते, अस्थी किती, नाड्या कोणत्या, चक्रे कोठे आणि त्यांच्या कोणत्या पाकळीवर जीव असता गाणे साधते, हे सारे त्यात आहे. संगीताच्या विद्यार्थ्याला हे प्रकरण कंटाळवाणे वाटते आणि तो ते ओलांडून पुढे जातो. वस्तुतः ग्रंथकाराची भूमिका तेथेच आहे. बोलू इच्छिणारा आत्मा मनाला प्रेरणा देतो, मन देहातील अग्नीवर आघात करते, अग्नी वायूला ढकलतो, आणि तो वायू नाभी, हृदय, कंठ, मूर्धा व मुख अशा चढत्या क्रमाने नाद प्रकट करतो. ‘न’ हा प्राण आणि ‘द’ हा अग्नी. देह हे असे एक यंत्र ठरते की, ज्यात खाली आंच आणि वर धारण करणारी स्थाने आहेत.

पिंडोत्पत्तीच्या शेवटी शार्ङ्गदेवाने जो निर्णय दिला आहे, तो विशेष विचारार्ह आहे. अनाहत नाद गुरूपदिष्ट मार्गाने मुक्ती देतो हे तो मान्य करतो. परंतु तो रंजक नाही. आहत नाद लोकांचे रंजनही करतो आणि भवभंजनही. म्हणून शास्त्र सांगावयाचे ते आहताचे. रसेश्वरदर्शनाने धातूविषयी जे केले, नेमके तेच येथे नादाविषयी झाले आहे. स्थूल द्रव्य टाकून द्यावयाचे नाही, त्याच्यावरच संस्कार करावयाचे. भेद इतकाच की, रसशास्त्रात स्थूल ही परीक्षा आहे व संगीतात स्थूल हाच मार्ग आहे.

दोन्ही शास्त्रांत काही संज्ञाही समान आहेत. मूर्च्छना दोहोंत आहे, रंजन दोहोंत आहे, सारणा दोहोंत आहे. पाऱ्याची मूर्च्छना म्हणजे त्याचे रूप हरपणे. संगीतातील मूर्च्छना म्हणजे सात स्वरांचा क्रमाने आरोह व अवरोह. पाऱ्याचे रंजन म्हणजे त्याला रंग चढविणे. राग हा शब्दही रंगविणे ह्याच धातूपासून आला आहे. सारणा रसशास्त्रात पाऱ्यात सुवर्णादींचा प्रवेश करविणारी क्रिया. संगीतात वीणेच्या तारा श्रुती-श्रुतीने उतरविण्याची. शार्ङ्गदेवाने बावीस तारांच्या दोन वीणा घेऊन, एक ध्रुव व एक चल, चार सारणांनी बावीस श्रुती कशा सिद्ध होतात ते सांगितले आहे. चौथ्या सारणेत चल वीणेचे षड्ज, मध्यम व पंचम हे ध्रुव वीणेच्या निषाद, गांधार व मध्यमात लीन होतात. ह्या साम्यावरून एका शास्त्राने दुसऱ्याकडून शब्द उचलले असे मात्र मानू नये. संगीतातील मूर्च्छना भरताच्या नाट्यशास्त्रात आहे, ती सर्व रसग्रंथांहून जुनी. आणि दोन्ही ठिकाणी शब्दाचा अर्थ वेगळ्या वाटेने आला आहे. शब्दसाम्यावर इमारती उभारण्याचा मोह मराठीत फार मोठा आहे. येथे समान आहे ती रीत : चंचल वस्तू पायरीपायरीने अशा अवस्थेत आणावयाची की ती दुसरीत विरून जाईल.

ही रीत आणि हा शब्द दोन्ही एकत्र आणण्याचे काम पंधराव्या शतकाच्या सुमारास स्वात्मारामाने ‘हठयोगप्रदीपिके’त केले. पारा आणि मन दोन्ही स्वभावतः चंचल, असे तो चौथ्या उपदेशात म्हणतो; मूर्च्छित पारा व्याधी हरतो, मृत पारा जीवन देतो, बद्ध पारा आकाशगमन देतो, आणि प्राणाचेही तसेच आहे. थोडे पुढे नादानुसंधान सांगताना तो मनाला पारा आणि नादाला गंधक म्हणतो. नादरूप गंधक जिरला की मनरूप पारा चंचलपणा सोडतो आणि निरालंब आकाशात संचार करतो. रसशाळेतील जारण, योग्याचे मन आणि गायकाचा नाद हे तिन्ही ह्या एका रूपकात एकवटले आहेत. ते रूपक ज्याने खरलात कज्जली होताना पाहिली आहे त्यालाच पूर्णपणे कळेल. निसटता पारा गंधकाशी घोटला की पाहता पाहता त्याची हालचाल थांबते. येथे भट्टीला टरफल म्हणून टाकून दिले तर रूपकातील अर्थच निघून जातो.

युरोपातही किमया आणि संगीत ह्यांची गाठ पडली आहे, पण ती उलट्या दिशेने. जर्मन वैद्य मायकेल मायर ह्याने १६१७ मध्ये ओपेनहाइम येथे ‘अटालांटा फुगिएन्स’ हा ग्रंथ प्रसिद्ध करविला. त्यात पन्नास चित्रे, पन्नास सूक्ते आणि पन्नास त्रिस्वरी गाणी आहेत. एक स्वर पळणारी अटालांटा, दुसरा तिचा पाठलाग करणारा हिप्पोमेनीस, तिसरा तिला वाटेत थोपविणारे सोन्याचे सफरचंद; आणि ह्या तिघांमागे पारा, गंधक व लवण अभिप्रेत आहेत. मायरच्या ग्रंथात संगीत हे पाऱ्याच्या पलायनाचे चित्र आहे. स्वात्मारामाच्या ग्रंथात नाद हा पाऱ्याला धरणारा गंधक आहे. एकाने पळणे ऐकविले, दुसऱ्याने थांबणे सांगितले.

संतांच्या काळात परिसाची कथा मराठीत लोकप्रिय झाली, आणि तिचा अर्थ सामान्यतः धनाविषयीचे वैराग्य असा सांगितला जातो. महिपतीच्या १७६२ च्या ‘भक्तविजया’तील कथा अशी : पंढरपूरच्या परिसा भागवताच्या घरचा परीस नामदेवाच्या पत्नीच्या हाती येतो, नामदेव तो चंद्रभागेत टाकतो, भागवत कासावीस होतो, तेव्हा नामदेव वाळवंटातून ओंजळभर खडे काढून देतो आणि ते सारेच परीस असतात. केवळ वैराग्य दाखवावयाचे असते तर कथा परीस बुडाल्यावर संपती. तिला दुसरा भाग आहे, आणि तो अठरा संस्कारांच्या क्रमाशी जुळतो : सोन्याचा त्याग करणाऱ्याने आपणास वेध साधतो हे आधी दाखविले पाहिजे. धुंडिसुत मालूच्या १८१९ च्या ‘नवनाथ भक्तिसारा’तील मच्छिंद्राची सोन्याची वीट ह्याच जातीची आहे. गोरक्ष ती फेकून देतो, आणि गुरू हळहळला म्हणून सबंध डोंगर सोन्याचा करून दाखवितो. नामदेवाच्या कथेत एक पाऊल पुढे आहे. परीस लोखंडाचे सोने करतो, परीस करीत नाही. गुरू मात्र शिष्याला आपल्यासारखे करतो, म्हणून तो परिसाहून थोर, हा विचार संस्कृतात ‘शतश्लोकी’च्या आरंभीही आहे. शतवेधी-कोटिवेधी असे पाऱ्याचे मोजमाप करणाऱ्या शास्त्राला नामदेवाच्या वाळवंटात मोजमापच उरत नाही.

पुढील काळात अठरा संस्कारांची वाटणी झाली असे दिसते. पहिले आठ वैद्यांकडे राहिले, कारण औषधासाठी तेवढेच पुरे आहेत असे खुद्द रसग्रंथच सांगतात. रसशाळांत आजही तेच चालतात, आणि पाऱ्याच्या विषारीपणाविषयीचा आजचा वादही त्यांच्या भोवतीच आहे. ग्रास, जारण व नवा वर्ण हे योग्यांच्या परिभाषेत गेले. वेध कीर्तनकारांच्या आख्यानांत परिसाच्या रूपाने राहिला. सेवन, जे सर्वांचे प्रयोजन होते, ते कोणाकडेच राहिले नाही. ग्रंथांच्या मुद्रणातही ही वाटणी दिसते. पुण्याच्या आनंदाश्रमाने १८९० मध्ये ‘रसरत्नसमुच्चय’ छापला आणि १८९६ पासून त्याच ग्रंथमालेत मंगेश रामकृष्ण तेलंग ह्यांनी संपादिलेला ‘संगीतरत्नाकर’ कल्लिनाथाच्या टीकेसह निघाला. यादवजी त्रिकमजी आचार्यांनी १९११ मध्ये मुंबईत ‘रसहृदयतंत्र’ प्रकाशित केले. एकाच ग्रंथमालेतील पहिले पुस्तक वैद्यांच्या कपाटात गेले व दुसरे गायनशास्त्राच्या अभ्यासकांच्या. आणि ‘संगीतरत्नाकरा’तील पिंडोत्पत्तीचे प्रकरण, जे वैद्याने वाचावयास हवे होते, ते बहुधा दोघांनीही न उघडता ठेवले.